दोन टक्क्यांची ताडपत्री

हवामान बदललंय म्हणे. घाटकोपरच्या डोंगरावर ही बातमी घेऊन हल्ली फाउंडेशनवाले येतात. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. घरात कमावते किती, खाणारे किती, पावसात रोज किती बुडाला, सगळं टिपून घेतात. मग एक ताडपत्री, पत्र्याला लावायला पांढरा रंग आणि एक फोटो. कागदावर आपलं नाव काय? तर लाभार्थी!

रंगाला माझी ना नाही. दिवसभर डॉकात गोणी वाहून आलेला माणूस मे महिन्यात पत्र्याखाली रात्रभर भाजत असतो. पांढऱ्या रंगानं पत्रा थोडा निवतो, हे खरं. दोस्तांनो, खुशाल घ्या. पण हात जोडून घेऊ नका.

कंपनी कायद्याचं १३५ वं कलम आहे, २०१४ पासून लागू. वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींवर गेला की सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावेच लागतात. यात शेठचं काळीज कुठं आलं? आणि नफा कुणाच्या पाठीवरनं आला? उरलेल्या ९८ टक्क्यांचा रकाना टॅबमध्ये नसतो.

यांच्या अहवालात गरिबी कुटुंबाची असते. बापानं बाटली सोडली, आईनं बचतगट धरला की संपली! अरे, १९७२ च्या दुष्काळात गावकुसाबाहेरची माणसं मुंबईत आली, त्यांना सपाट जमीन कुणी दिली? म्हणून तर उतारावर चढली.

१२ जुलै २००० ला इथंच आझादनगरवर दरड आली, साठाच्या वर माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, साकीनाक्याला डोंगर झोपड्यांवर आला. १८ जुलै २०२१ ला अर्ध्या रात्री माहुल आणि विक्रोळी. पाऊस टॉवरवरही पडला होता. तिथं गाड्या बुडाल्या.

महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला. २०५० पर्यंत कार्बनचा हिशेब शून्यावर आणणार. आणा. तोवर माझ्या आईनं या उतारावर किती पावसाळे काढायचे? आम्हाला पक्की संरक्षक भिंत पाहिजे, आणि भिंतीनं भागत नसेल तर इथंच जवळ घर. तानसा पाइपलाइनवरच्या लोकांना उचलून माहुलला रिफायनऱ्यांच्या धुरात टाकलं, तसलं पुनर्वसन नको.

आपलीच चार पोरं आता यांच्या सर्व्हेला जातात. बेकारीत मिळेल ते काम करावं, मी शिव्या घालणार नाही. फक्त एक करा. कुठल्या घरामागची माती सुटलीय, कुठल्या भिंतीला तडा गेलाय, याची एक नक्कल वहीत उतरवून वस्तीत ठेवा. फाउंडेशनची यादी दिल्लीला जाईल, नाहीतर परदेशात. आपली वही घेऊन मे महिन्यातच एन वॉर्डच्या ऑफिसावर जायचं. बसायला ताडपत्री आहेच.