नरक कोणाचा?

पॅरिस-रूबे या एकदिवसीय सायकल शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात आणि तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण या नावानेच भारावून जातात. चिखल, धूळ, दगडी फरसबंदी, सोललेले तळहात यांचे वर्णन करायचे आणि शेवटी ‘महाकाव्य’ म्हणून मोकळे व्हायचे, ही या लेखनाची ठरलेली रीत. आमचा आक्षेप या रीतीला आहे. आणि तो क्रीडारसिक म्हणून नव्हे, तर वर्गात रूपक शिकवणारे अध्यापक म्हणून.

१८९६ साली रूबेच्या दोन गिरणीमालकांच्या पुढाकाराने शर्यत सुरू झाली. तेव्हाही वाटेत दगडी रस्ते होतेच. हे नाव मात्र नव्हते. ते आले १९१९ साली. पहिल्या महायुद्धानंतर शर्यतीचा मार्ग पाहायला गेलेल्या मंडळींना जमीनदोस्त गावे आणि तोफगोळ्यांनी उखडलेली शेते दिसली. नरक म्हटले गेले ते त्याला. १९०९ ते १९११ अशी सलग तीन वर्षे ही शर्यत जिंकणारा ऑक्ताव लापीझ १९१७ साली, तर १९१३ चा विजेता फ्रांस्वा फाबेर १९१५ साली याच युद्धात मारला गेला. आज तोच शब्द सुमारे अडीचशे किलोमीटरच्या मार्गातील पन्नासेक किलोमीटर फरसबंदीला चिकटवला जातो. माणसे गेली, गावे गेली, उरले दगड.

यावर कोणी म्हणेल, रूपके झिजतातच, त्यात गैर काय? झिजलेल्या रूपकाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु हे रूपक झिजू दिलेले नाही. त्यातील यातना जपली जाते, दरवर्षी नव्याने विकली जाते. गाळला जातो तो फक्त इतिहास. रोलां बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये तूर द फ्रान्सला महाकाव्य म्हणून वाचले, याचा दाखला आमचे अभ्यासक उत्साहाने देतात. मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते, हे त्याच ग्रंथातील मुख्य प्रतिपादन मात्र सोयीस्करपणे विसरतात.

सायकलपटूंचे कष्ट खोटे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. २०१८ साली मायकेल गोलार्ट्स हा तेवीस वर्षांचा स्पर्धक या शर्यतीत हृदय बंद पडून मरण पावला. पण कष्टांना नेमके नाव हवे. आरेनबर्गच्या जंगलातील प्रसिद्ध रस्ता १९६८ साली शर्यतीत आला तो झां स्ताब्लिन्स्की यांच्या सूचनेवरून; त्यांनी तिथल्याच कोळसा खाणीत काम केले होते. जमिनीखालच्या त्या श्रमांना कोणी महाकाव्य म्हटले?

शिवाय महाकाव्य म्हटले की हिशेब विचारायचा नसतो. स्त्रियांची पहिली शर्यत व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पुरुष विजेत्याला ३०,००० युरो मिळाले आणि लिझी डाइग्नन यांना १,५३५.

आम्हीही वर्गात अलंकार ओळखायला लावतो, उदाहरण मागतो, गुण देतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. ते पुरेसे नाही. रूपक ओळखलेल्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: हा नरक कोणी भोगला, आणि त्याचे नाव आता कोण वापरते आहे?