राणी ऑफलाइन

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर कैकेयीचं कारस्थान बघत वाढलो. आता पुण्यात ऑफिस सुटलं की मी प्रधान! आम्ही चौघं मिळून सातवाहनकालीन दरबाराची गोष्ट रचतो. प्रत्येकाचं एक पात्र. कट, डावपेच आणि हो, चावटपणाही. नाक मुरडू नका, बॉस! हाल राजाची ‘गाथासप्तशती’ आठवा. सुमारे ७०० प्राकृत गाथा, कवी अनेक, त्यात बायकाही; आणि चोरट्या भेटींचे इशारे जागोजागी.

परवा राणीनं प्रधानाला मध्यरात्री महालात बोलावलं. मी खुशीत लिहायला बसलो, तर खाली ओळ: “आता राणी नाही, मी बोलतेय. थांबूया?”

थांबलो. “फोन करू?” विचारलं. तासभर बोललो. तिच्यासाठी घरचे स्थळं बघतायत. प्रधानाकडे यावर मसलत नव्हती. माझ्याकडे एकच होती: उद्या कॉफी?