फोनचीही बेगमी करा!

आपल्याकडची गृहिणी पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच करते. पापड, कुरडया, लोणची, झालेच तर छत्रीच्या काड्या, सगळे तपासून होते. ज्याच्यावाचून घराचे पान हलत नाही, त्या फोनची बेगमी मात्र कोणी करीत नाही. विचारले तर उत्तर तयार: "अहो, सगळं फोनमध्ये आहे!"

या वाक्याशी माझे भांडण आहे. फोनमध्ये फारसे काही नसते. असते ते कुठल्यातरी लांबच्या संगणकात. फोन ही नुसती खिडकी! बँकेत खिडकीमागे बसून माझी हयात चालली आहे. एकदा खिडकी बंद झाली, की आतली तिजोरी कितीही भरलेली असो, रांगेतल्या माणसाला ती रिकामीच.

आमचे जांभूळ ही पाण्याची जागा. इथे एमआयडीसी पाणी शुद्ध करून दूरदूरच्या शहरांना पाठवते. पावसाळ्यात उल्हास नदी तेच पाणी शुद्ध न करता घरपोच देऊ पाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतले फोन मुके झाले. २७ जुलै २०१९ च्या पहाटे तर महालक्ष्मी एक्सप्रेस आमच्याच बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. हजारावर उतारू; बोटी, हेलिकॉप्टरे आली, सुटका व्हायला दुपार झाली. अशा गाडीत बसलेल्याने बॅटरी कशावर घालवावी? "कुठे आहेस?" या प्रश्नाच्या चाळिसाव्या उत्तरावर?

"टॉवर आहे की!" असे आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त साहेब म्हणतात. साहेब, टॉवरलाही वीज लागते. ती गेली की बॅटरी, मग डिझेल; आणि रस्ता बुडाल्यावर डिझेल काय पोहत येणार? शिवाय संकटात सगळा गाव एकदमच फोन करतो. बँकेवर धाड पडावी तशी ही धाड! अशा वेळी बोलण्याचा हट्ट सोडून चार शब्दांचा साधा एसएमएस धाडावा. तो पुष्कळदा वाट काढतो.

म्हणून आभाळ कोरडे आहे तोवर एवढे करा. आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. आपण कुठे उभे आहोत हे उपग्रह दाखवतो, त्याला इंटरनेट लागत नाही. पण नकाशा जवळ हवा. आधार, विमा, औषधांची चिठ्ठी यांची चित्रे फोनमध्येच साठवा. पॉवर बँक भरून ठेवा. ११२ हा आकडा आजीपासून नातवापर्यंत सर्वांना पाठ हवा. थोडी रोकड हवी. नेट नसले की क्यूआर कोड म्हणजे भिंतीवरची नक्षी. आणि दहा नंबर कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

"कागदावर? या काळात?" साहेब हसले. मी त्यांना फक्त त्यांच्या सौभाग्यवतींचा नंबर तोंडपाठ विचारला. साहेबांनी खिशातला फोन काढला.

"फोन न बघता," मी म्हटले.

संध्याकाळी साहेब कोपऱ्यावरच्या दुकानात वही घेताना दिसले.