शाई पाहणारा डोळा

1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यांत्रिकीकरणाने जोर धरला. पुढे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला. मी त्या काळी बँकेत अधिकारी होतो. त्याच्या खडखडाटाला पुष्कळ जण हसत, मला मात्र त्याचा आदर वाटतो.

त्याच्या हेडमध्ये 9 किंवा 24 बारीक पिना असतात. विद्युतचुंबकाच्या जोरावर पिन रिबनवर आदळते आणि कागदावर ठिपका उमटतो. हा ठोसा असतो म्हणूनच कार्बनखालची प्रतही निघते. लेझर प्रिंटरला ते साधत नाही.

यंत्र आंधळेही नाही. कागद संपला, हेड टोकाला पोचले, हे सेन्सर सांगतात. हेड फार तापले की छपाई मंदावते. चांगल्या पासबुक प्रिंटरला तर पान तिरके गेलेलेही कळते.

पण रिबनमध्ये शाई उरली आहे की नाही, हे सर्वसाधारण यंत्राला कळत नाही. कोरडे ठोसेही त्याच्या लेखी छपाईच! तिथे डोळा लागतो तो माणसाचा. आणि आज तोच मिटलेला दिसतो. कित्येक पासबुकांतल्या नोंदी भिंग धरूनही लागत नाहीत.

मोबाइलवर संदेश येतो, हे उत्तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्याला पुरत नाही. पासबुक हा त्याचा पुरावा आहे. तो वाचता येईल असा देणे हे बँकेचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. रिबन वेळेवर बदला, मागणे एवढेच.