हसायचं कुणाला?

‘शेतकऱ्याच्या आत्महत्येवर कसले हो विनोद?’ ‘पीपली लाइव्ह’चं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. २०१० साली सिनेमा आला तेव्हा आला, आणि परवा बचत गटाच्या बायकांना तो दाखवायचं ठरवलं तेव्हाही आला. मैत्रिणींनो, मला हा प्रश्नच पटत नाही. नत्था भाबडा आहे, त्याचं कधी कधी हसू येतं, हे खरं. पण खिल्ली उडवलीय ती त्याच्या दारात माइक घेऊन उभ्या राहिलेल्यांची.

कर्जापायी जमीन जाणार, म्हणून १ लाखाच्या मदतीसाठी नत्थानं जीव द्यायचा असं दोघे भाऊ ठरवतात. बातमी फुटते आणि गावात चॅनलच्या गाड्यांची जत्रा भरते. नत्था मरणार की नाही, यावर तज्ज्ञांची मतं! एक पठ्ठ्या तर नत्था जिथं परसाकडं बसला होता तिथं कॅमेरा नेऊन त्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो. किळस येते, हसूही येतं. दिग्दर्शिका अनुषा रिझवी, स्वतः आधी टीव्हीतली पत्रकार. घरातलीच बाई असल्याशिवाय घरातली उणीदुणी इतकी नेमकी कशी सापडणार?

आणि याच गावात होरी महातो नावाचा म्हातारा रोज माती खणून विकतो. एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्याकडं एकही गाडी वळत नाही.

अतिशयोक्ती वाटते? आमच्या भागातल्या एका घरी मी सांत्वनाला गेले होते. तेवढ्यात एक चॅनलवाला आला आणि त्या माउलीला म्हणाला, ‘ताई, फोटोला हार परत एकदा घाला ना, मघाशी उजेड नव्हता.’ तिनं घातला! रात्री स्टुडिओत सहा चौकटींत सहा जण तिच्याबद्दल भांडत होते. तिचं कर्ज किती, पोरं कितवीत, एकालाही ठाऊक नव्हतं. आपण मात्र भाकऱ्या थापता थापता कोण बरोबर बोलतो ते ठरवत बसतो. त्यापेक्षा या आरडाओरडीला हसायला शिकलो तर बरं नाही का?

शेवटी नत्था स्फोटात मेला असं समजतात. पण मग तो अपघात, आत्महत्या नव्हे. म्हणून त्याच्या बायकोला, धनियाला, मदत नाही. आपल्याकडं ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द ज्या घरांनी ऐकलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या जागी आमच्या खोलीत कुणी हसलं नाही.

हशा पिकला तो ‘लाल बहादूर’ला. सरकारी साहेब नत्थाला हातपंप देऊन जातात, आणि तो न बसवताच अंगणात पडून राहतो. मागून एक आजी म्हणाल्या, ‘त्याला पंप तरी मिळाला गं. आमच्याकडं नुसता साहेबच येऊन गेला!’