विश्लेषण : युद्धात बंदी, पोलिसांकडे मात्र पसंती… स्वसंरक्षणाच्या पिस्तुलासाठी पोकळ टोकाची गोळी का निवडतात?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याची शस्त्र परवान्याची जुनी अट रद्द केली. घराबाहेर पिस्तूल बाळगायचे असेल, तर ‘विशेष गरज’ सिद्ध करा, अशी ती अट होती. न्यू जर्सीनेही त्यानंतर अशीच आपली अट मागे घेतली. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या राज्यात आता सामान्य नागरिकालाही प्रशिक्षण आणि पडताळणीनंतर असा परवाना मिळू शकतो. परवाना आणि पिस्तूल यांच्यानंतर येणारा प्रश्न म्हणजे त्यात काडतूस कोणते भरायचे? प्रश्न दुकानातल्या खरेदीचा वाटतो. पण सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

दोन प्रकारांत फरक काय?

पिस्तुलाच्या गोळ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिला ‘फुल मेटल जॅकेट’. यात शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते आणि टोक भरीव, गोलसर असते. ही काडतुसे तुलनेने स्वस्त असल्याने सरावाला वापरतात. दुसरा प्रकार ‘हॉलो पॉइंट’ म्हणजे पोकळ टोकाची गोळी. शरीरात शिरताच टोकाच्या खळग्यात दाब तयार होतो आणि गोळी पाकळ्यांसारखी उमलते. तिचा व्यास साधारण दीडपट होतो आणि वेग झपाट्याने कमी होतो.

वेगातली ही घट महत्त्वाची असते. भरीव टोकाची ९ मिमी गोळी शरीरातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. उमललेली गोळी बहुतेक वेळा शरीरातच थांबते. म्हणूनच अमेरिकेतील बहुतांश पोलीस दले हॉलो पॉइंट वापरतात. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८ मध्ये या गोळ्यांकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा रस्त्यावरच्या निरपराध लोकांची सुरक्षितता हे त्यामागचे प्रमुख कारण सांगितले होते.

मग युद्धात बंदी कशासाठी?

या वादाचे एक टोक भारतात आहे. कोलकात्याचा विमानतळ आज ज्या भागात आहे, त्या दमदममधील ब्रिटिश शस्त्रागारात १८९०च्या दशकात रायफलीची एक गोळी तयार झाली. तिच्या टोकावरचे आवरण काढून शिसे उघडे ठेवले होते. वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत ती वापरली गेली आणि ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर पसरले. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा झाला. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. अमेरिका त्यात कधीच सामील झाली नाही.

मात्र हा नियम देशादेशांतल्या युद्धासाठी आहे. सैनिकाला अनावश्यक यातना देऊ नयेत, हा त्याचा हेतू. शहरातली परिस्थिती वेगळी असते. तिथे हल्लेखोराच्या मागे बसथांबा असतो, दुकान असते, शाळेतून परतणारी मुले असतात. त्यामुळे रणांगणावर क्रूर ठरलेली गोळी शहरात तिसऱ्या माणसासाठी कमी धोक्याची ठरते. ज्याला ती लागते, त्याच्यासाठी ती मुळीच सौम्य नसते, हेही विसरता कामा नये.

‘१२ ते १८ इंच’ हे गणित कुठून आले?

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी आणि बँका लुटणारे दोघे यांच्यात चकमक झाली. सुरुवातीलाच एका अधिकाऱ्याची ९ मिमी हॉलो पॉइंट गोळी मायकल प्लॅट या दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयापासून सुमारे इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, तरी प्लॅट रायफल चालवत राहिला. चकमकीत दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले.

पिस्तुले घेऊन रायफलीला सामोरे जाणे, ही त्या दिवशीची मोठी चूक होती, असे अनेक जाणकार मानतात. तरीही एफबीआयने गोळीची चाचणीच नव्याने बांधली. शरीराच्या ऊतींसारखे वागणारे १० टक्के जेलाटिनचे ठोकळे वापरले जाऊ लागले. गोळी कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४५ सेंटिमीटर आत जावी, असा निकष ठरला. जाड कपडे, प्लायवूड, पत्रा, घराच्या भिंतीतला जिप्सम बोर्ड आणि मोटारीची काच यांच्या आडूनही तीच चाचणी होते. भरीव टोकाची ९ मिमी गोळी याच जेलाटिनमध्ये साधारणपणे २४ इंचांपेक्षाही खोल जाते.

१२ इंच जास्त वाटतात, कारण माणसाची छाती तेवढी जाड नसते. पण गोळी नेहमी समोरून लागत नाही. आडवा हात मध्ये आला किंवा हल्लेखोर बाजूने उभा असला, तर अंतर वाढते. मायामीत नेमके तेच झाले होते.

निवडताना काय पाहिले जाते?

सर्वांत आधी, ते काडतूस त्या विशिष्ट पिस्तुलात न अडकता चालले पाहिजे. काही पिस्तुलांना पोकळ टोकाची गोळी चेंबरमध्ये नीट सरकवता येत नाही. म्हणून प्रशिक्षक स्वस्त काडतुसांवर सराव करायला सांगतात, पण जे काडतूस जवळ बाळगायचे, त्याच्याही काही पेट्या झाडून पाहायला सांगतात.

दुसरा मुद्दा नळीच्या लांबीचा. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाची नळी आखूड असते, त्यामुळे वेग कमी मिळतो. वेग कमी पडला किंवा खळग्यात जाड कापड अडकले, तर हॉलो पॉइंट उमलतच नाही आणि भरीव गोळीसारखीच पुढे जाते. याउलट ‘पॉइंट ३८०’सारख्या कमी ताकदीच्या काडतुसात गोळी उमलली, तर पुरेशी खोल जात नाही. म्हणून लांब नळीतले चाचणीचे आकडे छोट्या पिस्तुलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

तिसरा मुद्दा वजन आणि धक्क्याचा. ९ मिमीच्या गोळ्या प्रामुख्याने ११५, १२४ आणि १४७ ग्रेन वजनात मिळतात. १२४ ग्रेन म्हणजे सुमारे ८ ग्रॅम. काडतुसाचा जोर वाढला की हाताला बसणारा धक्काही वाढतो आणि दुसरी गोळी नेमकी मारणे अवघड होते. आजच्या ९ मिमी हॉलो पॉइंटची कामगिरी सुधारल्यामुळेच, मायामीनंतर अधिक ताकदीच्या काडतुसांकडे गेलेली एफबीआय पुन्हा ९ मिमीकडे परतली.

चौथी बाब सहज नजरेतून सुटते. रोज पिस्तूल रिकामे करून तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घातले, तर आपटून गोळी पुंगळीत मागे दबू शकते. मग बार उडताना आतला दाब धोकादायकरीत्या वाढतो. असे आखूड झालेले काडतूस बाजूला काढतात.

कायद्याचे काय?

न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरी ठेवता येतात, पण घराबाहेर बाळगण्यावर या राज्यात वेगळे निर्बंध राहिले आहेत. शेजारच्या राज्यात चालणारे काडतूस सीमा ओलांडताच गुन्ह्याचे कारण ठरू शकते. त्यामुळे खरेदीआधी राज्याचा सध्याचा नियम पाहणे अपरिहार्य. गोळी कोणतीही असो, घराबाहेर सुरक्षितपणे माघार घेणे शक्य असेल, तर प्राणघातक बळ वापरता येत नाही, असेही या राज्याचा कायदा सांगतो.

भारतात तर चित्रच वेगळे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राइतकाच काडतुसांनाही परवाना लागतो आणि ९ मिमी पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. अमेरिकेतून सुट्टीवर येणाऱ्यांनी यासाठी एक खबरदारी घ्यावी. शूटिंग रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नये. तळाशी राहिलेले एखादे काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडले, तर गुन्हा दाखल होऊ शकतो. ते जाणीवपूर्वक बाळगले नव्हते, या कारणाने न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केल्याची उदाहरणे आहेत, पण तोवर पोलीस ठाणे आणि वकील यांच्या फेऱ्या चुकत नाहीत.

चांगली गोळी पुरेशी आहे का?

नाही. हॉलो पॉइंट शरीरात थांबते, ती शरीराला लागली तरच. प्रत्यक्ष झटापटीत प्रशिक्षित पोलिसांचाही नेम अनेकदा चुकतो. चुकलेली गोळी अमेरिकी घरातील जिप्समच्या भिंतीवर आदळली, की खळग्यात भुगा भरतो, ती उमलत नाही आणि पलीकडच्या खोलीत जाते. त्या खोलीत कोण झोपले आहे, हे काडतुसाच्या पेटीवर लिहिलेले नसते.

अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बाहेरच्या हल्लेखोरासाठी निवडलेले काडतूस घरातल्याच माणसाचा जीव घेऊ शकते, हा याचा अर्थ. म्हणून काडतुसावर जेवढा खर्च आणि अभ्यास होतो, त्याहून अधिक कुलूपबंद पेटीवर आणि नियमित सरावावर व्हायला हवा. सुटलेल्या गोळीची जबाबदारी ती थांबेपर्यंत चालवणाऱ्याची असते, आणि ती कुठे थांबेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ती झाडू नये.