पदान्तीचे व्यंजन आणि पथ्यापथ्याचा निर्णय

'तत् हितम्' या दोन पदांचा संधी रूढ रीतीने 'तद्धितम्' असा होतो, तर 'तत् अहितम्' यांचा 'तदहितम्'. पहिल्याचा अर्थ 'ते हितकर', दुसऱ्याचा नेमका उलट. आता कोणी संधी सोडवून 'तद् हितम्' असे लिहिले, अक्षरजुळणीत 'द'चा मोडलेला पाय निसटला आणि दोन्ही पदे जोडली गेली, की छापून येते 'तदहितम्'. पथ्याचे अपथ्य होण्यास एवढे पुरेसे आहे.

संस्कृत पदाच्या अंती वाटेल ते व्यंजन टिकत नाही. प्रायः क्, ट्, त्, प्, ङ्, न्, म् आणि विसर्ग यांनाच तेथे स्थान आहे. म्हणून भिषज् चे भिषक्, त्वच् चे त्वक्, क्षुध् चे क्षुत् होते. समासातील पूर्वपदालाही हाच नियम लागतो आणि पुढील वर्णानुसार ते व्यंजन पुन्हा पालटते. असृक् पासून असृग्दर, विट् पासून विण्मूत्र, हृत् पासून हृल्लास व हृच्छूल ही आपल्या नित्य व्यवहारातील उदाहरणे आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे सारे नियमबद्ध केले आहे.

मराठी उच्चारात शब्दान्तीचा 'अ' लोपतो, त्यामुळे 'त्वक्' आणि 'त्वक' आपल्या कानाला सारखेच वाटतात. मराठी लेखनात 'विद्वान', 'परिषद' असे पाय न मोडता लिहिणे नियमानुसारच आहे. परंतु संहितेचे वचन उद्धृत करताना ही सवलत घेता येणार नाही.

रुग्ण वैद्याला व्याकरण विचारीत नाही, हा आक्षेप परिचित आहे. तो खराही आहे. पण रुग्णाला दिले जाणारे पथ्य ज्या वचनावरून ठरते, ते वचन व्याकरणावाचून उलगडत नाही. शिवाय 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आपले ग्रंथ प्रमाण म्हणून नोंदविलेले आहेत. त्यांतील पाठाची शुद्धता हा केवळ पांडित्याचा विषय राहत नाही.

बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षी शिकलेले संस्कृत परीक्षेबरोबर संपू नये. नियतकालिकांनी श्लोकाखाली पदच्छेद छापावा. औषधनिर्मात्यांनी वेष्टनावरील व माहितीपत्रकातील संस्कृत मजकूर छपाईपूर्वी जाणकाराच्या नजरेखालून घालावा. मात्रेतील चूक आपण खपवून घेत नाही. पाठातील चुकीबाबतही तोच दंडक असावा.